खडा बोलतो का?

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, कारागीर संघाचे पदाधिकारी, आजचे उत्सवमूर्ती म्हणजे माझे सासरे, पुढच्या रांगेतली आमची जुनी गिऱ्हाइकं, आणि मागे दाराशी उभे राहून जेवण कधी म्हणून घड्याळ बघणारे आमचे हे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधी पाच जण बोलले. पाचही जणांनी एकच सांगितलं, की चाळीस वर्षांत बाबांच्या हातचा एकही खडा निखळून परत आला नाही. प्रत्येक वेळी टाळ्या झाल्या. प्रत्येक वेळी मी खुर्चीत चुळबुळले आणि शेजारी बसलेल्या नणंदेने मला कोपर मारलं. आता माईक माझ्या हातात आहे, तेव्हा तिचा इलाज चालायचा नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या ह्यांनी बाबांच्या अंगठ्यांच्या कारखान्याकडे पाठ फिरवून मोबाइलचं दुकान टाकलं होतं. म्हणून बाबांच्या हाताखाली मी बसले, ती एकवीस वर्षं. चांदी मुशीत वितळवली, पट्ट्या लाटल्या, खड्याच्या मापाने पट्टी वळवून टोकं सांधली, कानस मारली, पॉलिश केलं. पण अंगठीत खडा ठेवून भोवतीची कड दाबून बसवायची, म्हणजे कोंदण करायचं म्हटलं, की बाबांचा हात पुढे. दे इकडे. का? तर मी डावखुरी. डाव्या हाताने दाबलेली कड उलटी फिरते म्हणे. अहो, खड्याला कुठे कळतं कोणत्या हाताने दाबलं ते? पण हे विचारायची सोय नव्हती. मी चिडून डबे आदळायची, ते शांतपणे चहा मागायचे.

कोंदण झालं की अंगठी कानापाशी धरून हलवायची. सैल खडा आत टिकटिकतो. त्याला आम्ही खडा बोलतो असं म्हणतो. बाबा हलवायचे, कान द्यायचे आणि म्हणायचे, गप्प आहे. झालं, काम पास. आता मला सांगा, ज्या माणसाला दाराची बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, त्याला खडा कसा ऐकू यावा? तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. ते कपाटात, डबीत, कापसात पाचूसारखं जपून ठेवलंय. घोंघावतं म्हणे.

त्याच सुमारास एका दुपारी बाबा जेवायला गेले असताना पॉलिशसाठी आलेली अंगठी मी सहज हलवली. खडा बोलत होता. बोलत कसला, गप्पा मारत होता. काय करायचं होतं मी? सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी हत्यार खाली ठेवलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं. मी डाव्या हाताने कड दाबली, पॉलिश केलं, अंगठी डबीत भरली. मग तोच शिरस्ता पडला. बाबांनी गप्प ठरवायचं आणि मी पुन्हा ऐकायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ती तीन वर्षं झाकून धरली. त्यांची वाहवा ऐकून जीव जळायचा, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात त्यातलीच एक अंगठी माप वाढवायला आली. बाबांनी भिंग लावलं ते बराच वेळ काढलंच नाही. मग मला हाक मारली.

"ही कड कोणी दाबली?"

"तुम्हीच."

"माझा हात उजवा आहे," ते म्हणाले. "अशा किती?"

मी मोजल्या नव्हत्या, तसं सांगितलं. ते उठून घरी गेले आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, आता बस झालं, मी थांबतो. समारंभात तू बोलायचं आणि हे सगळं बोलायचं. मी साफ नाही म्हटलं. भर सभेत सासऱ्याची अब्रू घालवू?

"तू नाही सांगितलंस तर मी उठून सांगेन," ते म्हणाले. "लोक मला भलत्याच कामाची शाल घालतायत."

म्हणून सांगते आहे. अध्यक्षमहोदय, आपल्या बोटातला अकीक गेल्या वर्षीचा, तो मी बसवलाय. असू द्या, हलवून बघू नका, निघणार नाही.

काल संध्याकाळी कारखान्यात गेले तर बाबा स्टुलावर चढलेले. या वयात! त्यांनी दिवा डावीकडून काढून उजवीकडे लावला होता, म्हणजे माझ्या हाताची सावली कामावर पडायला नको. हत्यारांची फळी उजवीकडून काढून डावीकडे ठोकली होती. तीही स्वतःच्या उंचीने, माझा हात पोचत नाही. निदान विचारायचं तरी, मी म्हटलं. ते खाली उतरले, हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझी जागा आहे. तुला हवी तिथे ठोक." भिंतीला सात भोकं पाडून ठेवली आहेत, ती आता मीच बुजवणार. तिथेच उभी राहून रडले मी.

संघाने सभागृह दिलं, आपण कामं टाकून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात अधिक-उणं झालं असेल, ते पोटात घाला. कारखाना उद्या नेहमीच्या वेळेला उघडेल. कोंदण मी करते.