आजोबांच्या बंदुकीचा दस्ता

हसू नका, पण अभिमानाचे माप मला बड्या बाजारात मिळाले. आजोबांची दुनळी बंदूक आम्ही दसऱ्याला पूजतो. यंदा ती नेमबाजीच्या मैदानावर झाडली, तेव्हा लांब दस्ता खांद्यावर नीट बसेना. धक्क्याने दंड काळानिळा झाला.

बड्या बाजारात बंदुका दुरुस्त करणाऱ्या हिंदीभाषक मिस्त्रीने आधी नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग माझा हात मापला. “भाऊसाहेब, दस्ता दो अंगुल लंबा है। काटना पड़ेगा।”

“पूजा की चीज़ पर आरी? कदापि नहीं!”

“तो हाथ दो अंगुल बढ़वा लाइए।”

मी दस्ता कापून घेतला. आता बंदूक खांद्यावर अगदी नीट बसते.

कापलेला तुकडा देवघरात ठेवताना पत्नी म्हणाली, “राहू द्या. तुमचा अभिमान किती लांब होता, ते रोज दिसेल.”