मारेकचं पुणेदर्शन

आमचा मारेक आठवतोय ना? पोलंडहून मराठी शिकायला आलेला, आमच्या वरच्या खोलीत राहायचा. परत जाण्याआधी त्याला फक्त सिंहगड बघायचा होता. मी बाइकवर नेणार होतो, तर काका मध्ये पडले. "कॉलेज सोडलेला पोरगा काय इतिहास सांगणार? मीच नेतो. तूही चल, चार गोष्टी कळतील."

शेवटच्या दिवशी सकाळी काकांची गाडी निघाली ती थेट खडकीला, आत्याकडे. मग नारायण पेठेत, काकांच्या व्याह्यांकडे. मग आणखी कुणाकडे. सगळीकडे तेच. मारेकला मधोमध बसवायचं, पोहे द्यायचे आणि काका म्हणणार, "हं, एकोणतीसचा पाढा म्हणून दाखव!" त्याने म्हटला की माझ्याकडे वळणार, "बघ, शीक काहीतरी!"

असं करता करता अंधार पडला. गड राहिलाच. मारेकचं तोंड एवढंसं झालं होतं, कारण पहाटे त्याचं विमान होतं.

घराशी उतरताना काकांनी ऐटीत विचारलं, "मग, कसं वाटलं आमचं पुणं?"

मारेक शांतपणे म्हणाला, "ते राहू द्या, काका. आपल्या पुण्याला मी कसा वाटलो?"

कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं, चला, कुणाचं तरी शिक्षण सत्कारणी लागलं.