दामू नावाची मुलगी

…आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय त्यात? एक नाव तर ठेवायचं!" एक नाव तर! तुम्हाला सांगते, साठ मीटर उंचीवर, वाऱ्यात हलणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून चार टनांची लोखंडी तुळई खालच्या दोन खांबांवर अलगद टेकवायची, हे काम मी आठ वर्षं करतेय, पण तीन किलोच्या पोरीवर तीन अक्षरं टेकवायची म्हटल्यावर… अहो, घाम फुटला घाम! का नाही फुटणार? बाळ एक, मतं सतरा! आणि प्रत्येक मत दुसऱ्या मताला नाक मुरडणारं! नाव ठेवायचं होतं हो, नावं नव्हती ठेवायची!

झालं काय, दवाखान्यातून बाळ घरी आलं, त्याच्यासोबत एक फॉर्मही आला. नोंदणी कार्यालयाचा. त्यात एक रिकामी चौकट, 'बाळाचे नाव', आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'एकवीस दिवसांच्या आत भरून द्यावे.' आणि नाही दिलं तर? तर प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, तीन खिडक्या आणि उद्या या! आमच्या ह्यांनी तो फॉर्म फ्रीजच्या दारावर चिकटवला. आता बाळंतिणीला तहान किती लागते तुम्हाला माहितीये? दर अर्ध्या तासाला मी पाणी प्यायला जाणार आणि ती चौकट माझ्याकडे आ वासून बघणार!

माझी अट एकच होती. साधी. कागदावर नाव हवं भारदस्त, चांगलं मुलीचं. पण त्याचं हाक मारायचं रूप हवं रांगडं. मुलासारखं! म्हणजे जिन्यातून आरोळी ठोकली की तिन्ही मजल्यांवरची माणसं "कोण रे तो?" म्हणून बाहेर आली पाहिजेत, आणि पायऱ्या चढून कोण येतंय? तर दोन वेण्यांची आमची पोरगी!

हसू नका. ह्याला कारण आहे. माझं स्वतःचं नाव पाच अक्षरी आहे, फुलाचं आहे आणि ते मी तुम्हाला सांगणार नाही. साइटवर पहिल्या आठवड्यात मुकादम वॉकी-टॉकीवरून ते नाव घ्यायचे, आणि ते संपेपर्यंत तुळई भिंतीला जाऊन भिडायची! शिवाय बोलायचे कसे? "ताई, तुम्ही जरा ऑफिसात बसता का… सावलीत?" सावलीत! क्रेन चालवायचं लायसन्स खिशात आणि मी सावलीत! शेवटी वैतागून म्हणाले, "घरी काय म्हणतात तुम्हाला?" मी म्हटलं, "बंडू." झाडावरून उतरायचीच नाही ना लहानपणी, म्हणून बंडू. मुकादम थांबले. वॉकी-टॉकी तोंडाशी धरून म्हणून बघितलं, "बंडू, डावीकडे… बंडू, सावकाश… बंडू, सोड!" आणि म्हणाले, "हां! हे नाव वाऱ्यात टिकतं." त्या दिवशी मी जी वर चढले, ती आजपर्यंत. दोन अक्षरांनी मला वर नेलं हो! मग माझ्या मुलीला नको का तशी दोन अक्षरं?

पण समोर सासूबाई! सासूबाई म्हणजे प्रसूतिगृहातल्या निवृत्त परिचारिका. पस्तीस वर्षं नोकरी. अर्ध्या गावाला जगात आल्या आल्या पहिली चापटी त्यांनी मारलेली, त्यामुळे नगरसेवकसुद्धा त्यांना बघून जरा सावरून बसतो. त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "मृदुला."

मी म्हटलं, "आई, नाव गोड आहे. पण वॉकी-टॉकीवर मधलं अक्षर खाल्लं गेलं तर? मृ… खर्रर्र… ला! खाली ऐकू येणार 'मेला'! सगळी साइट हेल्मेट काढून उभी राहील!"

"तिला क्रेनवर कोण चढवतंय? आणि मुलीला मुलीसारखं नाव असावं. बंडू काय, गुंडू काय! मुलगी आहे ती!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला ते भिंग लावलेलं असतं, त्यामुळे जगातली कुठलीही भांडणं ह्यांना स्क्रूएवढीच दिसतात. मान वर न करता म्हणाले, "दोघींचंही बरोबर आहे."

"अहो, दोघींचं बरोबर कसं असेल? दोन घड्याळं दोन वेळा दाखवतायत, म्हणजे एक चुकीचंच ना?"

"तसं नाही. एक दुसऱ्या देशातलं असू शकतं."

आता ह्या माणसाशी भांडणार कसं? सांगा तुम्ही!

मग मी कामाला लागले. नाव पसंत करण्याआधी त्याची हाक तपासायची, गॅलरीत उभं राहून, मोकळ्या आवाजात. पहिलं नाव विजया. हाक मारली, "विज्याऽऽ!" खाली रस्त्यावर तिघांनी वर बघितलं. एक पोस्टमन, एक किल्ल्या बनवणारा, आणि तिसरा सायकलवरून खाली पडला. बाद! दुसरं, संजीवनी. "संज्याऽऽ!" समोरच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "तो आंघोळ करतोय, काय काम आहे?" बाद! मग राजश्री. राजश्रीचं काय होतं? राजा! आहा! मी जीव ओतून हाक मारली, "राजाऽऽ! ये ना वरती!" खालच्या औषधाच्या दुकानातून दुकानदारांनी वर बघितलं… आणि त्यांच्या मागून त्यांच्या बायकोनेही वर बघितलं. अहो, चार दिवस मला त्या दुकानातून साधी ग्राइप वॉटरची बाटली मिळेना! आणि घरात सासूबाई प्रत्येक हाकेनंतर, "बघा, अब्रू चालली." आणि हे, "दोघींचंही…" नाव ठेवायचं होतं हो, नावं नव्हती ठेवायची!

बाराव्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायच्या, पण बाळामार्फत. "सांग गं तुझ्या आईला, दूध उतू चाललंय." बाळ बारा दिवसांचं! ते काय सांगणार? मीही मग, "सांग गं तुझ्या आजीला, गॅस त्यांच्याच बाजूला आहे." दूध उतू गेलं. बाळ शांतपणे बघत होतं. मला वाटतं, तेव्हाच तिला कळलं असणार आपण कुठल्या घरात आलोय ते.

एकोणिसाव्या दिवशी मात्र मी विचारलंच. बाळामार्फत नाही, सरळ. "आई, एवढा राग कशाचा? टोपणनावच आहे ना?"

सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. थांबल्या नाहीत. घडी घालता घालता म्हणाल्या, "आम्ही चौघी बहिणी. मी शेवटची. वडिलांना मुलगा हवा होता, झाले मी. मला बाळू म्हणायचे. 'बाळूऽऽ' अशी हाक आली की मी धावत जायची. आणि मला बघून त्यांचा चेहरा… कसं सांगू तुला… दार वाजलं म्हणून आनंदाने उघडावं आणि बाहेर भलतंच कोणी उभं असावं ना, तसा व्हायचा. रोज. सोळाव्या वर्षी मी त्या हाकेला ओ देणं बंद केलं." आणि घडी घातलेलं दुपटं पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालायला लागल्या.

मला ज्या नावाने वर नेलं, तसल्याच नावाने ह्या बाईला रोज दारातून परत पाठवलं होतं. आता कोणाला नावं ठेवू? मी उठले, पेन्सिल घेतली आणि फ्रीजवरच्या चौकटीत लिहिलं, मृदुला. पेनने नाही लिहवलं. पण लिहिलं.

विसाव्या दिवशी संध्याकाळी मी बाळाला नुकतंच झोपवलंय, हे दुकानातून यायचेत, आणि रस्त्यावरून आवाज, "बंडूऽऽ! ए बंडूऽऽ!" साठ मीटर वर पोचायची सवय असलेला आवाज हो! दोन मजले म्हणजे त्याला काय! बाळ जागं, कुत्री जागी, औषधवाल्यांची बायको दारात हजर! मी उठेपर्यंत सासूबाई गॅलरीत पोचल्या होत्या. खाली मुकादम आणि साइटवरची सहा माणसं, अंगावर सिमेंट, काखेत हेल्मेटं.

"आजी, बंडू आहे का घरात? तीन दिवस काम अडलंय!"

वर आले सगळे. चपला बाहेर, आवाज आत. झालं होतं काय, माझ्या जागी आलेला माणूस चांगला, पण साइटच्या पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर वारा वळतो तिथे त्याची तुळई झोके घ्यायची, आणि खाली कोणी उभं राहायला तयार नाही. मुकादम म्हणाले, "त्याला म्हटलं, बंडू कशी धरते ते बंडूच सांगेल. कागद आहे का?" आणि मी हां-हां म्हणेपर्यंत ह्या गृहस्थांनी फ्रीजवरचा कागद ओढला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवर क्रेन काढली! मी एका हाताने बाळ थोपटतेय, दुसऱ्या हाताने रेघा मारतेय. "इथे नाही थांबायचं. आधी वारा जाऊ द्यायचा. मग हुक अर्धा मीटर खाली, आणि मग वळायचं." सातही जण वाकून बघतायत. एक जण म्हणतो, "बंडू, लवकर ये गं बाई. तू वर असलीस की खाली उभं राहायला भीती वाटत नाही."

चहा घेऊन गेले. सासूबाई दाराशी उभ्याच. जिन्यातला आवाज पार विरेपर्यंत उभ्या. मग म्हणाल्या, आणि बाळामार्फत नाही बरं का, मला म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी हाक मारली की त्यांना दुसरंच कोणीतरी यायला हवं असायचं. ह्या माणसांनी हाक मारली, तेव्हा ह्यांना तूच यायला हवी होतीस."

आणि गेल्या थेट खोडरबर शोधायला!

मृदुला पुसलं. मग पलंगावर बसून, डोळे मिटून, पस्तीस वर्षांची बाळं एकेक करून आठवायला लागल्या, अमकी नको, ती रडकी होती… तमकी नको, तिची आई भांडकुदळ… आणि एकदम ताठ बसल्या. "दामिनी! म्हणजे वीज. उंचावरच असते आणि कडाडते. आणि हाक मारायची… दामू!"

दामू! अहो, दामू! ऐकलं की डोळ्यांसमोर हातात पिशवी घेतलेला, कानांवर मफलर गुंडाळलेला गृहस्थ उभा राहतो! मी इतकी हसले की टाके दुखले. तेवढ्यात हे आले. आम्ही दोघींनी एका सुरात विचारलं, "दामू कसं वाटतं?" ह्यांनी सवयीने तोंड उघडलं, "दोघींचंही…" आणि थांबले. पहिल्यांदाच खरं ठरलं होतं ना! बिचारे गोंधळून खुर्चीत बसले.

एकविसावा दिवस. खिडकी एकला बंद. आम्ही पोचलो एकला पाच मिनिटं कमी असताना, कारण बाळाने निघताना तीनदा कपडे बदलायला लावले. पुढे सासूबाई, वय अडुसष्ट, पदर खोचून, गर्दीतून वाट काढत, "बाजूला व्हा, बाळ आहे, बाजूला व्हा!" मागे मी, माझ्यामागे हे पिशव्या घेऊन. कारकुनाने शटर अर्धं ओढलं होतं. सासूबाईंनी त्या फटीतून फॉर्म आत सरकवला.

"बाळाचे नाव?"

"दामिनी. पण हाक मारायची दामू."

"टोपणनावाचा रकाना नाही."

"नसू दे. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

त्याने कागद उलटला. "मागे हे काय काढलंय?"

सासूबाई फटीत वाकल्या आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिच्या आईचं काम!"

ठप्प! शिक्का बसला. तो आवाज तुम्हाला सांगते, तुळई खांबावर टेकल्यासारखा वाटला मला. बाहेर पायऱ्यांवर आलो, सासूबाईंनी बाळाला दोन्ही हातांनी उंच धरलं, आणि ज्या बाईने गॅलरीतल्या माझ्या हाकांना इतके दिवस नावं ठेवली, ती बाई भर रस्त्यात ओरडली, "दामूऽऽ!" येणारे-जाणारे तीन दामू वळून बघायला लागले! बघू देत! आणि आमच्या दामूने काय केलं? वर हवेत, आजीच्या हातात, मोठ्ठी जांभई दिली. उंचीची भीती नाही पोरीला! जिंकलो आम्ही!

आता अडीच वर्षांची आहे. बोलते. परवा पाहुणे आले, मी मुद्दाम मोठ्या कौतुकाने म्हटलं, "नाव सांग बाळा तुझं." कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी." "अगं, नाव सांग ना, नाव!" "मी!" सासूबाईंनी विचारलं, ह्यांनी विचारलं, चॉकलेट दाखवून विचारलं. मी! त्यापुढे एक अक्षर नाही! आता तिला कसं समजावायचं हो, की ह्या घरात त्या नावाची तीन माणसं आधीच आहेत?