गाळलेली ओळ

(भर दुपार. दार लावलेलं. भाऊजी बाहेर पायरीवर, वहिनी आत खिडकीशी.)

भाऊजी: दार तरी उघड, वहिनी. दिराला उन्हात उभं करून घोषणा ऐकणार?

वहिनी: तिथूनच वाचा. साथ आहे ना? लांबून बोललेलं बरं.

भाऊजी: लांबून बोला असं आम्ही आरोग्य खात्यातल्यांनी कधी म्हटलं? कॉलरा पाण्यातून होतो. हे सांगून सांगून घसा बसला माझा.

वहिनी: बरं, वाचा आता. उगाच पाल्हाळ नको.

भाऊजी: संध्याकाळी भोंग्याची रिक्षा निघायचीय. तुझ्या कानावरून गेल्याशिवाय मी काही पाठवत नाही, माहितीये ना? तुला पटलं की गल्लीला पटतं. ऐक. "नागरिकांनो, पाणी उकळूनच प्या. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्यास ताबडतोब आरोग्य खात्याला कळवा. रुग्ण लपवणाऱ्यांवर कारवाई होईल."

वहिनी: कारवाई म्हणजे काय हो?

भाऊजी: काही नाही गं, नुसता धाक. साहेब म्हणाले, भीती घातल्याशिवाय लोक हलत नाहीत.

वहिनी: हलत नाहीतच. दारं लावून बसतात. पलीकडच्या प्लंबरला गाडीतून नेलं, बायको मागे धावत गेली. परत काय आलं? त्याची कपड्यांची पिशवी.

भाऊजी: त्याला उशिरा आणला होता. अंगातलं पाणी संपलं होतं. वेळेत आणला तर सलाइनवर माणूस उठून बसतो, वहिनी. मी बघितलंय.

वहिनी: मग हे कुठाय तुमच्या कागदात?

भाऊजी: सगळं कसं मावेल? तूच म्हणतेस ना, लांबण लावली की लोक खिडक्या लावून घेतात.

वहिनी: म्हणते खरी.

भाऊजी: दादा कुठाय? दुकानाला कुलूप दिसलं.

वहिनी: झोपलेत.

भाऊजी: भर दुपारी? आणि हा फिनेलचा वास कसला?

वहिनी: फरशी पुसली.

भाऊजी: वहिनी, माझ्याकडे बघ.

वहिनी: हळू बोला. शेजारी ऐकतील.

भाऊजी: कधीपासून?

वहिनी: काल संध्याकाळपासून. रात्रभर मी बादल्या टाकतेय. पहाटेपर्यंत पाणी दे, पाणी दे चाललं होतं. आता तेही म्हणत नाहीत.

भाऊजी: लघवी?

वहिनी: नाही.

भाऊजी: पोटाची कातडी चिमटीत धरून सोड. जा, बघ.

वहिनी: बघितली मघाशीच. तुमच्या पोस्टरवर आहे ना चित्र. तशीच उभी राहते.

भाऊजी: अगं, आणि मला एक फोन करता आला नाही तुला?

वहिनी: कोणाला केला असता? ह्यांच्या भावाला की गाडीवाल्यांना? मला भीती वाटली हो. हे एकटे जातील आणि माझ्या हातात पिशवी येईल.

भाऊजी: एकटा का जाईल? सोबत घरचं माणूस असतं.

वहिनी: काय?

भाऊजी: परवापासून. गाडीत बसता येतं, वॉर्डातही थांबता येतं. आदेशच निघालाय.

वहिनी: मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?

भाऊजी: कागदात ती ओळ होती. मीच गाळली. लांबत होतं म्हणून.

वहिनी: कडी काढतेय मी. बोलवा गाडी.

भाऊजी: हॅलो, गाडी पाठवा, लगेच. रुग्ण माझा भाऊ आहे. हो, शिंप्याचं दुकान आहे ना, त्याच्या मागचं घर. दादा? ए दादा, मी आलोय. डोळे उघड. वहिनी, हे जलसंजीवनीचं पाकीट. उकळलेलं पाणी आहे?

वहिनी: आहे. हे बघा, पाकीट कालवलं त्यात. घ्या हो, भाऊजी आलेत. एक चमचा घ्या.

भाऊजी: गिळलं?

वहिनी: थोडं गिळलं. थोडं सांडलं.

भाऊजी: देत राहा. थांबू नकोस.

वहिनी: गाडी वाजली. मी बसते ह्यांच्याजवळ. तुम्ही नका येऊ.

भाऊजी: माझा भाऊ आहे तो. मी कसा मागे राहू?

वहिनी: समोरचं दार सकाळपासून लागलंय, भाऊजी. फिनेलचा वास तिथूनही येतोय.

भाऊजी: काय सांगू त्यांना? माझं ऐकतील ते?

वहिनी: कारवाईचं खोडा. भोंगा राहू दे, दार वाजवा. सांगा, वहिनी गाडीत सोबत बसून गेली. खिडकीच्या फटीतून बघतच असतील.