पेटीतलं पाणी

...नाही, हसायचं असेल तर हसा, पण जिन्यात हळू हसा, आत सूनबाईचं काम चाललंय आणि मला घराबाहेर काढलंय! हो, माझ्याच घरातून, हे स्टूल देऊन! कशावरून? तर पाण्यावरून. तुम्हाला सांगतो, अख्खी नोकरी पाणीखात्यात गेली माझी, गळती शोधण्यात. रस्त्याला लोखंडी कांब लावायची, कांबेला कान लावायचा, आणि जमिनीखाली कुठं पाईप फुटलाय ते सांगायचं. तेव्हा एक गोष्ट मला ठाऊक आहे, न गळणारा पाईप अजून जन्माला यायचाय. आणि या लोकांनी काय करावं? विजेच्या पेटीत पाणी! आणि तेही मुद्दाम!

म्हणजे झालं काय, सूनबाई कॉम्प्युटरवर हलती चित्रं करते. आता एका हॉस्पिटलनं काम दिलंय, हृदय कसं चालतं त्याची फिल्म. तिचं स्वतःचं पहिलं मोठं काम हो, आज संध्याकाळी सहाला द्यायचं, नाही दिलं तर ते दुसऱ्याला देणार. आणि मशीन तापून सारखं बंद पडायचं. मग तिचा भाऊ आला आणि मोठ्या रुबाबात म्हणाला, लिक्विड कूलिंग बसवू. कॉम्प्युटरच्या पेटीत त्याच्या मेंदूवर एक छोटा पंप, त्यातून दोन नळ्या, वर एक जाळी, जाळीला पंखे... पाणी फिरत राहतं, गरम होतं, गार होतं, सगळं कारखान्यातूनच सीलबंद. मी विचारलं, गळलं तर? तर म्हणतो, ‘‘काका, गळत नाही.’’ गळत नाही म्हणे! असं म्हणणारे किती इंजिनियर मी गुडघाभर पाण्यात उभे पाहिलेत! विजेच्या पेटीत पाणी, आणि हा माणूस निवांत चहा पितोय!

तेव्हापासून माझी झोप उडाली. जेवताना घास उतरेना. येता-जाता पेटीखाली बोट फिरवून बघायचो, कोरडं? कोरडं. पुन्हा बघायचो. मुलगा म्हणायचा, ‘‘बाबा, तुम्ही तिला घाबरवताय.’’ अरे, मी तिला काय घाबरवणार, मीच रात्री उठून टॉर्च मारून बघतोय!

आणि आज दुपारी सूनबाई जेवायला उठली, मशीन आपलं एकटं फिल्म जुळवत बसलेलं, आणि मी पेटीला कान लावला. सवय हो, दुसरं काय! आणि आतून आवाज... गुळ्ळ... गुळ्ळ... पाईपात हवा! आमच्या खात्यात पाईपात हवा बोलली म्हणजे पाणी कुठूनतरी पळालेलं असतं! पेटीची काच काढली, खोलीत भट्टीसारखं गरम, टॉर्च घेऊन आत वाकलो, आणि बघतो तर काय, खालच्या त्या तारा-चिपांच्या हिरव्या पट्टीवर थेंब! चांगला टपोरा! मग मी मागचा पुढचा विचार केला का? छे! खेचला प्लग!

सूनबाई धावत आली. हातात तसाच घास. काळा पडदा बघून तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, थोडी हवा आत असतेच बाबा, म्हणून वाजतं. मी म्हटलं, हवा असेल, पण हा थेंब? ती वाकली, मीही वाकलो. आणि आमच्या डोळ्यांदेखत दुसरा थेंब पडला. टप्. दोघांनी एकदमच वर पाहिलं... नळी कोरडी ठणठणीत. घामानं निथळत होतं ते माझं कपाळ!

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, ‘‘अर्धं हृदय गेलं, बाबा.’’ माझं तर सगळंच गेलं हो तेवढ्यात! तिनं पुसलं, वाळवलं, पुन्हा सुरू केलं. आता मशीन पूर्ण जोरात चाललंय, त्या पाण्याच्या जिवावरच सहापर्यंत होईल म्हणते. आणि झालं नाही तर? ...मला विचारू नका.

आत्ताच दार उघडून तिनं माझ्या हातात पेला दिला. मला वाटलं, राग गेला, आता आत बोलावणार. तर म्हणते, ‘‘बाबा, घसा कोरडा पडला असेल. पाणी घ्या... पण इथंच प्या.’’

बोला आता. विजेच्या पेटीत पाणी चालतं. सासऱ्याच्या हातातलं तेवढं चालत नाही!