वहीत नसलेल्या छटा

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील व्यवस्थापक साहेब, रंगखात्यातले माझे सहकारी आणि घरची मंडळी, सर्वांना नमस्कार.

आज शनिवार, एकतीस तारीख. सकाळी आठला हजेरी लावली, दुपारी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, आता हा निवृत्तीचा हार. मला भाषण येत नाही. पण साहेबांनी माझ्या छटावहीचं कौतुक केलं, म्हणून राहवत नाही.

त्या वहीत फक्त सोप्या छटा आहेत. आपण काम कसं करायचो? सोपा रंग असला की वही बघायची. थोडं अडलं की शेजारच्याला विचारायचं. अगदी हात टेकले की रंगवलेल्या कापडाचा ओला तुकडा घेऊन उत्तरेच्या खिडकीपाशी, ताईकडे. माझी सख्खी थोरली बहीण, पण ताई ती सगळ्यांचीच. ती तुकडा उजेडात धरायची, सांगायची आणि आपण पळायचो. अवघड कामाला नेहमीच घाई. लिहायला थांबणार कोण? ते काम माझं होतं.

“सोपं असलं की वही चाळता, अडलं की मला,” ती म्हणायची. “अरे, अडलेलं तेवढं लिहून ठेव की.” मी म्हणायचो, लिहितो गं, एवढी घाई उरकू दे. बावीस वर्षं ती उरकली नाही.

चार महिन्यांपूर्वी ती रुग्णालयात असताना एक राखाडी जुळेना. मी तिथेही तुकडा नेला. ताई म्हणाली, “हा दिव्याचा उजेड खोटा. मला खिडकीशी ने.” नेलं. निळा किती कमी करायचा, ते तिने सांगितलं. मी फोन करायला जिन्यात धावलो. कशावरून ओळखलंस, हे विचारलं नाही. दुखतंय का, हेही नाही. दोन दिवसांनी ती गेली. माल मात्र वेळेवर पोचला.

गेल्या सोमवारी तीच राखाडी पुन्हा आली, पण सूत नवं, त्यावर जुना आकडा चालेना. तुम्ही माझ्याकडे आलात. माझ्यापाशी तिचा आकडा होता, कारण नव्हतं. मी तुमच्यावर ओरडलो. तो राग तुमच्यावर नव्हता.

घड्याळाबद्दल आभार. यापुढे उत्तर घेऊन पळू नका, एवढंच मागणं. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. चहा घ्या, माझ्यासाठी थांबू नका. अजून तासभर उजेड आहे. मी तो राखाडी तुकडा भिजवून खिडकीपाशी नेतो.