एक मिस कॉल म्हणजे चालू

मी मूळची घोटीकडची. घोटीपासून आत वळलं की आमचं गाव, जिकडं बघाल तिकडं भाताची खाचरं, पण त्यातलं एक ढेकूळ आमचं नव्हतं. आई दुसऱ्याच्या रानात भात लावायला जायची. तिचं नाव सखूबाई, पण गाव तिला तिच्या तोंडानं ओळखायचं. मजुरी ठरल्यापेक्षा कमी द्यायला लागले की ती बांधावर उभी राहून मुकादमाचा असा उद्धार करायची की बाकीच्या बाया चिखलात उभ्या उभ्या हसायच्या, पण हात एकीचा चालायचा नाय. मग तो गपगुमान ठरलेलं द्यायचा. पुढं नाशिक रोडला आल्यावर विहारात भाषणं ऐकली, मोर्चाला गेले, हक्क म्हणजे काय ते तिथं शिकले म्हणतात सगळे, पण काय सांगू ताई तुम्हाला, मी ते आधीच बघितलं होतं, बांधावर, आईच्या तोंडात.

लग्न होऊन नाशिक रोडला आले. आमचे मालक द्वारकेच्या चौकात रिक्षा लावायचे. माणूस शांत, गिऱ्हाइकाशी सुद्धा हुज्जत नाय. मग त्यांना शुगर झाली, नजर गेली, पूर्ण नाय पण रिक्षा चालवण्यापुरती गेली. मी म्हणलं, मला शिकवा. ते शेजारी बसून शिकवायचे, पुढचं त्यांना दिसायचं नाय, नुसत्या आवाजावरून सांगायचे, आता गिअर टाक, आता सोड. मग बायकांसाठीच्या योजनेत मला विजेवरची रिक्षा मिळाली तेव्हा ते खट्टू झाले, म्हणले, हिला आवाजच नाय, आता मी काय सांगू तुला.

रिक्षा मिळाली त्या दिवशी मोठा मांडव, फेटे, आमच्या हातात चावी देतानाचे फोटो. साहेब भाषणात म्हणले, आता धूर नाय, खर्च नाय, जागोजाग चार्जिंग. मी गाडी घेऊन गावाला गेले तर आई ओट्यावर बसली होती, गाडी तिच्या पुढ्यात उभी राहिली तरी तिला कळलं नाय. म्हणली, अगं वंदे, ही गाडी हाय का चोर हाय, पाऊल वाजत नाय हिचं. मग आत बसली, सीट दाबून बघितली, आणि म्हणली, मला एक दिवस नाशिकला ने हिच्यात, तिथल्या लोकांना पण ऐकवते दोन गोष्टी.

तर चार्जिंग. आम्ही राहतो भाड्यानं, वरच्या मजल्यावर. मालकीणबाई म्हणली, वरून वायर सोडायची नाय, मीटर जळेल, बिल्डिंग जळेल. तिचं तरी काय चुकलं म्हणा. मग उरलं बाहेरचं चार्जिंग. चार्जिंगचे डबे बसवलेत, नाय असं नाय. द्वारकेकडं एक, स्टेशनाकडं एक, घोटीच्या वाटेवर हायवेला हॉटेलच्या आवारात एक. वर पाटी, हिरवं पान काढलेलं. पण आज चालू तर उद्या बंद. आणि मोबाईलमधल्या त्यांच्या ॲपात बघावं तर सगळे कायम हिरवे, सगळे चालू. तुम्ही पंचवीस गिऱ्हाइकं सोडून, बॅटरी संपवत तिथं जाता आणि डबा मेलेला. एकदा तर त्याच्यावर कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं, आमच्यातल्याच कोणीतरी, चेष्टेनं.

म्हणून आम्ही ड्रायव्हर लोकांनी आपली रीत काढली. जो डब्यावर पोचेल त्यानं बाकीच्यांना मिस कॉल द्यायचा. एक म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. फोन उचलायचा नाय, कारण चालवताना बोललं की पोलीस धरतो आणि मागचं गिऱ्हाईक पण ओरडतं. ही रीत युसूफभाईंची. युसूफभाई विजेचा टेम्पो चालवतात, घोटीपर्यंत किराणा पोचवतात, लय सरळ माणूस, मला कायम वंदनाताई म्हणणार. त्यांच्या मिस कॉलवर आमचं पोट चाललं, खोटं नाय बोलत. मोबाईलवर नाय ठेवला इतका विश्वास त्यांच्यावर ठेवला.

आता त्या दिवसाचं सांगते. सकाळी भावाचा फोन आला, आक्का, आईचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाय. अँब्युलन्सला लावला तर म्हणले गाडी अपघाताला गेलीय, आली की पाठवतो. गावातल्या दोन्ही जीपा लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेल्या. मी म्हणलं, मी निघते. बॅटरी जायला पुरत होती, येताना पुरणार नव्हती, आणि जाताना डब्यावर थांबायला वेळ नव्हता. गावात चार्ज करावी तर आदल्या दिवसापासून लाईट नाय. म्हणून निघतानाच युसूफभाईंना सांगितलं, भाई, तुम्ही हायवेच्या त्या हॉटेलवरनं जाणार, तिथला डबा बघून मला कळवा, आईला आणायचंय. ते म्हणले, आप निकलो, मैं देखता हूँ.

आईला गाडीत घेतलं. भाऊ मागं तिला धरून. तिचे डोळे उघडे होते, बोलायला बघत होती, पण नुसता घर्र घर्र आवाज. घोटीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं, तरुण पोरगी होती, तीच घाबरली होती, म्हणली, मावशी, इथं मशीन नाय, नाशिकला न्या, आत्ता न्या, याच्यात वेळेला लय किंमत असते. बाहेर येऊन फोन बघितला. युसूफभाईंचा मिस कॉल. एक. माझ्या जिवात जीव आला. तिथं स्टँडवर जीपा उभ्या होत्या ताई. मी त्यांच्याकडं मान वळवून सुद्धा बघितलं नाय. एक मिस कॉल म्हणजे चालू. थोडा वेळ लावायची, पोचण्यापुरती भरली की निघायचं.

हॉटेलच्या आवारात शिरले तेव्हा गाडी रांगत होती. डब्याची काच काळी. पिन घातली, काढली, परत घातली. वॉचमन आला, म्हणला, ताई, कशाला कष्ट घेता, तो कालपासून गेलाय, एक जण म्हणला उंदरानं वायर खाल्ली, एक जण म्हणला नेट नाय. मी मोबाईल काढून त्याला दाखवला, हे बघ, हिरवा हाय. तो म्हणला, मोबाईलमध्ये मी पण गोरा दिसतो.

हॉटेलच्या मालकाला म्हणलं, तुमच्या भटारखान्यातला प्लग द्या, आई हाय माझी. तो बाहेर आला, आईकडं बघितलं, प्लग दिला पण. लावला तशी सगळ्या हॉटेलची लाईट उडाली. परत चढवली, परत उडाली. तो हात जोडून म्हणला, ताई, माझी वायरिंग जुनी हाय. मग मी रस्त्यावर उभी राहिले. किती मोटारी गेल्या, मोठ्या मोठ्या, काचा वर. शेवटी टोमॅटोची पिकअप थांबली. त्यानं क्रेट उतरवून रस्त्याकडेला ठेवले, आपला माल उन्हात ठेवला त्या माणसानं, आणि ताडपत्रीवर आईला झोपवलं. पण तोवर बराच वेळ गेला होता. नाशिकच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणले, जरा आधी आणलं असतं तर वाचा राहिली असती कदाचित. कदाचित म्हणले. तो शब्द मला झोपू देत नाय.

युसूफभाई संध्याकाळी दवाखान्यात आले, पायरीवर बसले. फोन काढून मला दाखवला, वंदनाताई, मैंने दो मारे थे. त्यांच्या फोनवर दोन. माझ्या फोनवर एक. दुसऱ्या कॉलच्या वेळी मी गावाच्या उतारावर होते, तिथं रेंज जाते. ते रडायला लागले, मी त्यांना म्हणलं, भाई, तुमचं काय चुकलं यात, आणि माझं पण काय चुकलं. ज्यांनी डबा बसवला त्यांचा डबा चालत असता तर आपल्याला खुणा कशाला लागल्या असत्या.

डबे बसवणाऱ्यांच्या ऑफिसला पण गेले मी. काचेमागच्या मुलानं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं, बटणं दाबली, आणि म्हणला, मॅडम, त्या दिवशी तर चार्जर चालू दिसतोय. मी म्हणलं, दिसतोय ना, मग माझ्या आईला पण तिथंच बघा, बोलताना दिसेल. त्यानं कागद पुढं सरकवला. अर्ज घेतला. त्याचं पुढं काय झालं ते मला नाय माहीत, त्याला पण नसेल. तो डबा अजून तसाच हाय आणि अजून हिरवा हाय.

आई आता माझ्याकडंच असते. खाटेवरून खिडकीकडं बघते. भूक लागली की डाव्या हातानं ताट वाजवते. आमचे मालक तिच्याजवळ बसतात, त्यांना धड दिसत नाय, तिला बोलता येत नाय, पण ताटाच्या आवाजावरून ते ओळखतात, आता पाणी पाहिजे, आता कूस बदलायचीय. कधी कधी तिला राग येतो, ओठ हलतात, शिरा ताणतात, मला कळतं आत सगळं तयार हाय, मुकादमाला दिलं होतं तसलं, फक्त बाहेर येत नाय. मी म्हणते, राहू दे आई, मी बोलते. म्हणून तर तुम्ही विचारल्यावर बसले सांगायला.

रिक्षा अजून चालवते, सोडून कुठं जाऊ. पण मिस कॉलची रीत आम्ही मोडली. आता डब्यावर पोचलेला फोन करतो, दुसऱ्यानं गाडी बाजूला घेऊन उचलायचा, पोलीस ओरडो की गिऱ्हाईक ओरडो. आणि तोंडानं बोलायचं. युसूफभाईंचा फोन आला की ते आधी आईचं विचारतात, मग म्हणतात, ताई, बंद है. मी म्हणते, बंद हाय, ऐकलं. असं दोघांनी बोलल्याशिवाय फोन ठेवायचा नाय.

चला, गाडी लावायला जायचंय, आज स्टेशनाकडचा चालू हाय म्हणतात. तुम्ही पण सांभाळून जा ताई. तुमच्या माणसांची वाचा शाबूत राहो.